बारसं जेवलेली माणसं

गाणं आठवतंय पण नाव आठवत नाही, अशा वेळी आपण मुखडा गुणगुणतो. मुखडा येत नसेल तर सिनेमा सांगतो, सिनेमाही आठवत नसेल तर "ते बघ, ज्यात ती गच्चीवर कपडे वाळत घालत असते" असं काहीतरी सांगतो, आणि समोरचा बरोबर ओळखतो. इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या चाहत्याला यातली एकही वाट मोकळी नसते. बहुतेक वेळा शब्द नाहीत, गायक नाही, पडद्यावर नट नाही. आठ-दहा मिनिटं चालणारा ठेका, त्याखाली बेस, मधूनच येऊन जाणारा एखादा सूर. तो गुणगुणायचा कसा? म्हणून असे दोन चाहते भेटले की बोलणं साधारण या वळणावर जातं:

"ते रे, ज्यात चौथ्या मिनिटाला ठेका नाहीसा होतो आणि खालून काहीतरी करवतीसारखं वर चढत येतं."

"करवतीसारखं की पाण्यात बुडबुडे आल्यासारखं?"

"आधी बुडबुडे, मग करवत."

"मग ते वेगळं. तू म्हणतोस ते नाही."

शेजारी बसलेल्याला हे दोघं वेडे वाटतात. थोडे असतातही. पण या संगीताचा बराचसा इतिहास असल्याच गप्पांमधून घडला आहे. आपल्याकडे एखादा म्हातारा "तुझ्या बारशाला जेवलोय मी" म्हणून समोरच्याला गप्प करतो. या चाहत्यांना ते जवळजवळ शब्दशः म्हणता येतं. त्यांनी नुसती घुगऱ्यांवर ताव मारला नाही, पाळण्याशी वाकून कानात नावही पुष्कळदा त्यांनीच सांगितलं. ते नाव बाळाच्या आईबापांना मान्य होतं का, हा प्रश्न निराळा. त्याकडे आपण शेवटी येऊ.

पहिलं बारसं शिकागोत झालं. 1977 मध्ये साउथ जेफरसन स्ट्रीटवरच्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत 'वेअरहाउस' नावाचा क्लब सुरू झाला. न्यूयॉर्कहून आलेला फ्रँकी नकल्स तिथे रेकॉर्ड वाजवायचा. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यांतले पुष्कळ समलिंगी, म्हणजे शहरातल्या इतर नाचघरांत ज्यांचं फारसं स्वागत होत नसे अशी मंडळी. नकल्स वाजवायचा ते काही एका जातीचं संगीत नव्हतं. अमेरिकी डिस्को, फिलाडेल्फियाचा सोल, युरोपातून आलेलं सिंथेसायझरचं संगीत, सगळं एकत्र. त्याला नाव नव्हतं. रात्री नाचून आलेली पोरं दुसऱ्या दिवशी रेकॉर्डच्या दुकानात जाऊन विचारायची, "ते वेअरहाउसमध्ये वाजवतात ना, ते आहे का?" 'इम्पोर्ट्स एटसेट्रा' नावाच्या दुकानाने मग सरळ तशी पाटीच लावायला सुरुवात केली. बोलताना 'वेअर' गळून पडलं आणि 'हाउस' उरलं. गिऱ्हाइकाने मालाला दिलेलं नाव पुढे जगभर चाललं. हाउसचा उगम दुसरीकडे दाखवणारेही आहेत, कुणी म्हणतं घरच्या घरी बनवलेलं म्हणून हाउस. पण ही दुकानातली हकीकत सगळ्यांत जास्त सांगितली जाते आणि मला ती खरी वाटते, कारण जिभेला आळस असतो हे आपणही जाणतो.

दुसरं बारसं त्याच शहरातलं आणि अधिक रंगतदार. नकल्सने वेअरहाउस सोडल्यावर 'म्युझिक बॉक्स' नावाने नवा मांड मांडला गेला. तिथला राजा रॉन हार्डी. हा माणूस रेकॉर्ड मूळ गतीपेक्षा जलद फिरवायचा, उलट्या वाजवायचा, आवाज इतका ठेवायचा की भिंतीला टेकलेल्याच्या पाठीतून बेस जायचा. 1980 च्या दशकाच्या मध्यावर डीजे पियेर, स्पँकी आणि हर्ब जे या तीन पोरांनी त्याच्या हातात एक टेप दिली. तिच्यात एकच एक बेस होता, पण तो सुरावट सांगत नव्हता. तो पिळवटत होता, कुरकुरत होता, चावत होता. पियेरने पुढे अनेकदा सांगितलेली हकीकत अशी: हार्डीने ती पहिल्यांदा लावली तेव्हा नाचणारे बाजूला झाले. त्याने त्याच रात्री दुसऱ्यांदा लावली, तिसऱ्यांदा लावली. चौथ्यांदा लावली तेव्हा लोक वेडे झाले होते.

हार्डीच्या रात्री लोक कॅसेटवर टेप करून घ्यायचे. त्या कॅसेट शहरभर फिरल्या आणि त्या अनाम चिजेला लोकांनीच नाव दिलं: रॉन हार्डीचा अ‍ॅसिड ट्रॅक. अ‍ॅसिड कशावरून, यावर आजही दोन तट आहेत. एक म्हणतो क्लबमधल्या नशेवरून, दुसरा म्हणतो त्या आंबट-तिखट आवाजावरून. पोरांना कळलं की गावात आपलं मूल दुसऱ्याच्या नावाने ओळखलं जातंय. त्यांनी शहाणपणा केला. भांडण न करता त्यातला हार्डी वगळला आणि 1987 मध्ये ट्रॅक्स रेकॉर्ड्सने ती रेकॉर्ड 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' म्हणून काढली. गटाचं नाव होतं 'फ्यूचर'.

तो चावणारा आवाज ज्या डबीतून निघाला तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं भांडण त्याच डबीवरून आहे. जपानच्या रोलँड कंपनीने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-303 नावाचं रुपेरी यंत्र काढलं. तादाओ किकुमोतो हा त्याचा अभियंता. हेतू अगदी घरगुती: गिटारवाल्याला एकट्याने रियाज करायचाय, बेस वाजवणारा मित्र आलेला नाही, तर त्याच्या जागी हे यंत्र. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने आणि तालमालाने जे काम केलं तेच. फरक इतकाच की तानपुऱ्याचं यंत्र तानपुऱ्यासारखं वाजलं आणि 303 बेस गिटारसारखी अजिबात वाजली नाही. शिवाय तिच्यात सूर भरणं हा एक छळ होता. कुठले स्वर हे आधी भरायचं, ते कधी वाजायचे हे नंतर, वेगळं. सुमारे दहा हजार नग निघाले आणि 1984 मध्ये उत्पादन बंद पडलं. मग ती जुन्या वस्तूंच्या दुकानांत मातीमोलाने मिळू लागली, म्हणून तर शिकागोच्या फाटक्या खिशाच्या पोरांच्या हाती आली. त्यांना ती नीट लावता येत नव्हती. त्यांनी नुसते नॉब पिळले. फिल्टरचा नॉब फिरवला की आवाजाचं तोंड उघडतं-मिटतं, रेझोनन्स वाढवला की तो किंचाळायला लागतो. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय तिच्यात होतीच. कंपनीच्या लेखी हे सगळं दुरुपयोगात मोडत असेल. संगीताच्या इतिहासात मात्र इतका सुफळ दुरुपयोग क्वचितच झाला असेल.

चाहत्यांच्या या नाव ठेवण्याच्या हौसेचा कळस मात्र इंग्लंडात झाला, आणि तो एका कलाकाराच्या खोडसाळपणामुळे. कॉर्नवॉलचा रिचर्ड डी. जेम्स, म्हणजे अ‍ॅफेक्स ट्विन. 1994 मध्ये त्याने 'सिलेक्टेड अ‍ॅम्बियंट वर्क्स'चा दुसरा खंड काढला. वीसच्या वर चिजा, बहुतेकांना ठेका नाही, धुक्यात भोंगा वाजावा तसे सूर. आणि एक सोडली तर बाकी चिजांना नावच नाही. नावाच्या जागी छोटे छोटे, जवळून काढलेले, धड न कळणारे फोटो. आता गप्पा कशा मारायच्या? "ती तिसरी" म्हणावं तर कॅसेटवरची तिसरी, सीडीवरची तिसरी आणि तबकडीवरची तिसरी यांचा मेळ बसेलच असं नाही. मग चाहते फोटो न्याहाळू लागले. हा वनस्पतीचा देठ दिसतोय, म्हणून ही 'रुबार्ब'. ही शेवाळासारखी, 'लायकेन'. हे पडदे, हा कडा. ही नावं आज इतकी रुळली आहेत की समीक्षकही तीच लिहितात आणि नव्या श्रोत्याला ती जेम्सनेच दिली असं वाटतं. एखाद्या अल्बममधली जवळपास सगळी नावं श्रोत्यांनी ठेवलेली असावीत, असं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

या माणसाने आपल्या चाहत्यांना संशयी बनवलं हेही खरं. 1999 च्या 'विंडोलिकर'बरोबरच्या एका चिजेत नुसता खरखराट वाटावा असा एक तुकडा आहे. कुणीतरी तो ध्वनीचा आलेख काढणाऱ्या संगणकप्रणालीतून पाहिला, तर पडद्यावर चेहरा उमटला, दात विचकून हसणारा. त्याने आवाजात स्वतःचा चेहरा दडवून ठेवला होता. त्या दिवसापासून या पंथातला माणूस साध्या खरखरीकडेही सरळ मनाने पाहू शकत नाही.

2014 साली याच मंडळींनी आणखी एक पराक्रम केला. जेम्सने 'कॉस्टिक विंडो' या टोपणनावाने 1994 मध्ये एक अल्बम तयार केला होता. तो कधी बाजारात आलाच नाही, चाचणीसाठी दाबलेल्या मोजक्या तबकड्या तेवढ्या उरल्या. त्यातली एक 13,500 डॉलरना विकायला निघाली. एकट्याला परवडणारी नव्हती, म्हणून चाहत्यांनी वर्गणी काढली. 4,124 जणांनी मिळून 67,000 डॉलरहून अधिक जमवले. तबकडी घेतली, जेम्सची परवानगी काढली, प्रत्येक वर्गणीदाराला संगणकावर ऐकण्याची प्रत दिली. मग मूळ तबकडी लिलावात टाकली, ती 46,300 डॉलरना 'माइनक्राफ्ट' हा खेळ बनवणाऱ्या मार्कुस पेर्सनने घेतली, आणि त्या रकमेचे वाटे कलाकाराला, वर्गणीदारांना आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला गेले. गणपतीची वर्गणी आणि हिशेबाचा फलक ज्यांनी पाहिलाय त्यांना या कारभाराचं कौतुक वाटल्याशिवाय राहणार नाही.

अनामिकाला नाव देणं हा नुसता छंद राहत नाही, कधी ते कर्ज फेडणंही होतं. 1969 मध्ये 'द विन्स्टन्स' या अमेरिकी बँडच्या एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' नावाची वाद्यरचना होती. तिच्यात मध्येच बाकी सगळे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन साधारण सहा-सात सेकंद एकटा ड्रम वाजवतो. हा तुकडा कापून, जलद करून, उलटसुलट चिकटवून 1990 च्या दशकात इंग्लंडातलं जंगल आणि ड्रम-अँड-बेस हे अख्खे प्रकार उभे राहिले. हजारो रेकॉर्डींत तो आहे. चाहत्यांनी माग काढत तो कुठला, कुणाचा, हे शोधलं. कोलमन 2006 मध्ये बेघर अवस्थेत वारला होता. बँडचा म्होरक्या रिचर्ड स्पेन्सर हयात होता, त्यालाही या वापराचे पैसे कधी मिळाले नव्हते. 2015 मध्ये दोन ब्रिटिश डीजेंनी आवाहन केलं आणि 24,000 पौंड जमवून त्याला दिले. हजारो रेकॉर्डींच्या मानाने ही रक्कम किरकोळच, पण ती ऐकणाऱ्यांनी दिली. विकणारे त्यात नव्हते.

डीजे लोक मात्र नाव लपवण्यात पटाईत. रेकॉर्डवरचा कागद भिजवून काढायचा किंवा त्यावर दुसराच चिकटवायचा, ही युक्ती जमैकाच्या साउंड सिस्टीमवाल्यांपासून चालत आली आहे. दुसऱ्याला कळू नये की आपण काय वाजवतोय. बंदिशीचा अंतरा न शिकवणारे उस्ताद आपल्याकडेही होऊन गेलेच की. 2002 मध्ये इंग्लंडात 'शझॅम' सुरू झालं, 2580 हा नंबर फिरवून फोन स्पीकरसमोर धरला की गाण्याचं नाव कळायचं. तेव्हा वाटलं, आता गप्पा संपल्या. संपल्या नाहीत, कारण डीजे बाजारात न आलेल्या चिजा वाजवतात आणि यंत्राच्या वहीत त्यांची नोंदच नसते. चाहते त्यांच्या यादीत अशा जागी नुसतं 'आयडी' लिहितात. म्हणजे ओळख पटवायची आहे.

या गोष्टीचा एक तुकडा आपल्या अगदी शेजारी घडला. गोव्यात हणजुणे, म्हणजे इंग्रजीतलं अंजुना, आणि वागातोरच्या किनाऱ्यांवर 1970 च्या दशकापासून परदेशी प्रवाशांच्या रात्री रंगत. आधी गिटारी, मग ऐंशीच्या दशकात यंत्रसंगीत. वाळूत चटया टाकून कंदिलाच्या उजेडात चहा आणि आम्लेट विकणाऱ्या बायका, आणि पलीकडे पहाटेपर्यंत दणदणाट. सॅन फ्रान्सिस्कोकडून आलेला आणि 2023 मध्ये वारलेला डीजे गोवा गिल चोवीस तासांहून अधिक सलग वाजवण्यासाठी प्रसिद्ध होता. गोव्यात तबकड्या उन्हाने वाकायच्या, धुळीने खरवडायच्या. म्हणून डीजे आधी कॅसेट आणि पुढे डॅट नावाची छोटी डिजिटल टेप वापरत. या साध्या अडचणीने संगीताचा घाट बदलला. तबकडीचा वेग बोटाने कमी-जास्त करून दोन ठेके जुळवता येतात, डॅटवर ते होत नव्हतं. मग चिजेच्या सुरुवातीला आणि शेवटी ठेका नसलेलं, नुसतं तरंगणारं लांब धुकं ठेवायची पद्धत पडली, म्हणजे एक विरताना दुसरी अलगद शिरते. ऐकणाऱ्याला ते आध्यात्मिक वाटायचं. कारण होतं ऊन आणि धूळ.

डॅटवरच्या चिजा बहुधा बाजारात नसत. डीजे आपसांत अदलाबदल करत, आणि नाचून परतलेला माणूस लंडन, हँबर्ग किंवा तेल अवीवमध्ये आपल्या मित्राला सांगायचा, "ते गोव्याला वाजवतात ना, तसलं." वेअरहाउसचीच कथा. 1990 च्या दशकाच्या मध्यावर दुकानांत 'गोवा ट्रान्स' असा कप्पाच तयार झाला. गोव्यात बसून त्याला गोव्याचं म्हणायची गरज कुणाला पडणार? खानावळीत कुणी 'घरगुती जेवण' मागतं, घरी कुणी मागत नाही. पुढे 2000 मध्ये 'अबव्ह अँड बियाँड' या इंग्लंडातल्या मंडळींनी आपल्या कंपनीचं नाव 'अंजुनाबीट्स' ठेवलं आणि तिचे जगभरचे चाहते स्वतःला 'अंजुना फॅमिली' म्हणवतात. त्यातल्या कितीजणांना हणजुणेची बुधवारची बाजारपेठ ठाऊक असेल? नाव परदेशी गेलं, गाव तिथेच राहिलं. 2007 मध्ये गोव्यातच कांदोळीला 'सनबर्न' हा नृत्यसंगीताचा महोत्सव सुरू झाला आणि 2016 मध्ये तो पुण्याजवळ केसनंदला आला, तेव्हापासून मराठी घरांतही या गप्पा ऐकू येतात. त्या बहुतेक क्रमवारीच्या असतात, 'डीजे मॅग' दरवर्षी वाचकांच्या मतांनी काढतं त्या शंभरांच्या यादीत यंदा कोण कितवा. मला त्यात रस नाही. क्रिकेटची सरासरी तरी मोजता येते.

आता मुख्य भांडण. 2002 मध्ये एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला दिल्लीच्या एका दुकानात एचएमव्हीची 1982 सालची तबकडी मिळाली. नाव 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. वादक चरणजित सिंग. त्याने ती सुईखाली ठेवली आणि त्याला जे ऐकू आलं ते शिकागोच्या अ‍ॅसिड हाउससारखं होतं. तेच बुडबुडणं, तोच एकसुरी दणका, तेच घसरणारे स्वर. फरक एवढाच की रेकॉर्ड शिकागोच्या पाच वर्षं आधीची होती, आणि मुंबईची. बाउमन मुंबईत जाऊन चरणजित सिंगांना भेटला आणि 2010 मध्ये त्याच्या 'बॉम्बे कनेक्शन' या कंपनीने ती पुन्हा काढली.

युरोपातल्या चाहत्यांची पहिली प्रतिक्रिया: खोटं आहे. कुणीतरी आता बनवून जुनं कव्हर चढवलंय. कुणीतरी म्हणजे कोण, तर काहींनी लगेच अ‍ॅफेक्स ट्विनकडे बोट दाखवलं. खरखरीत चेहरा दडवणारा माणूस काहीही करू शकतो. ज्यांनी नाव देण्याचा धंदा केला त्यांना एका खऱ्या माणसाचं खरं नाव टोपणनाव वाटलं, ही यातली गंमत.

माणूस खरा होता. चरणजित सिंग साठच्या दशकापासून मुंबईच्या स्टुडिओंत वाजवत होते. गिटार, बेस, ट्रान्झिकॉर्ड, पुढे सिंथेसायझर. शंकर-जयकिशनपासून आर. डी. बर्मनपर्यंत अनेकांच्या वाद्यवृंदांत ते बसले. स्वतःचा ऑर्केस्ट्रा घेऊन लग्नसमारंभांत वाजवत. 'कुर्बानी' 1980 चा. त्यानंतर हिंदी सिनेमात डिस्कोची लाट होती. त्यांनी परदेशातून तीन नवी यंत्रं आणली होती: ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीआर-808 हे तालयंत्र आणि आपली ती टीबी-303. मुलाखतींत त्यांनी सांगितलं त्याचा मतलब असा की डिस्को सगळेच करत होते, मग ठेका डिस्कोचा ठेवून वर राग वाजवले तर काय होईल, एवढंच कुतूहल होतं. रेकॉर्ड फारशी खपली नाही. ते आपल्या कामाला लागले.

2010 पासून चाहत्यांत दोन तट पडले. एकाचं म्हणणं, अ‍ॅसिड हाउसचा जनक हाच. दुसऱ्याचं म्हणणं, शिकागोत ही रेकॉर्ड कुणी ऐकलीच नव्हती, मग जनक कसा? शिवाय 303 वापरणारे इतरही होतेच, 'हेवन 17' 1982 मध्ये, 'ऑरेंज ज्यूस' आणि इटलीचा अलेक्झांडर रोबोटनिक 1983 मध्ये. मला दुसऱ्या तटाचं तर्कशास्त्र पटतं, पण त्यांच्या उत्तरात एक भोक आहे. हेवन 17 ऐकून कुणाला अ‍ॅसिड हाउस आठवत नाही, चरणजित सिंग ऐकून आठवतं. असं का?

याचं उत्तर युरोपातल्या चाहत्यापेक्षा दादरच्या सभागृहात शेजाऱ्याच्या कानात "मारवा की पूरिया?" असं कुजबुजणाऱ्या माणसाला लवकर सापडेल. पाश्चात्त्य पॉप गाण्यात खालचा बेस सुरावटीबरोबर घरं बदलत राहतो. रागसंगीतात षड्ज हलत नाही. तानपुरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच घर धरून असतो आणि सगळी हालचाल त्याच्यावर होते. शिकागोच्या त्या पोरांनीही, घर बदलणं जमत नसल्याने म्हणा किंवा नको होतं म्हणून म्हणा, एकाच घरात राहून फक्त आवाजाचा रंग बदलला. दोन टोकांची दोन माणसं एकाच खोलीत पोहोचली, कारण दोघांनीही बाहेर जायचं दार बंद ठेवलं होतं. आणि दोघांच्या हातात यंत्र एकच. मग सारखं का वाजणार नाही? त्यात चरणजित सिंगांनी निवडलेल्या दहा रागांपैकी भूपाली, मालकंस, कलावती आणि बैरागी हे चार पाचच स्वरांचे. सोळा घरांच्या यंत्रात पाच स्वर भरून ते फिरवत ठेवले की यंत्राचीही सोय होते आणि रागाचीही फार मोडतोड होत नाही.

फरकही तितकाच स्पष्ट आहे. 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'मध्ये नॉब पिळणं हीच चीज आहे, सुरावट नावाला. इथे बेस बुडबुडत राहतो, पण राज्य वरच्या ज्युपिटरच्या सुरावटीचं आहे. ती रागातून चालते, वळते, तिहाईसारखं काही करू पाहते. हे नाचणाऱ्याला बेभान करण्यासाठी केलेलं नाही. एका कसबी वादकाने नव्या खेळण्यावर जुना धडा गिरवून पाहिलाय.

म्हणून मला या बारशात थोडं खटकतं. मूल 1982 मध्ये जन्मलं, नाव 28 वर्षांनी ठेवलं गेलं, पाहुणे सगळे परगावचे. पण या मुलाला बापाने नाव दिलंच होतं की, कव्हरवर मोठ्या अक्षरांत: दहा राग, डिस्को ठेका. ते कुणाला पुरेसं वाटलं नाही. शिकागोतल्या अनाम टेपला गर्दीने नाव दिलं ती देणगी होती. इथे मात्र नाव असलेल्या वस्तूवर दुसऱ्याच्या गावचा शिक्का मारला गेला. अर्थात त्या शिक्क्याशिवाय मीही ही रेकॉर्ड ऐकली नसती, तेव्हा तक्रार किती जोरात करायची हे मला ठरवता आलेलं नाही. आपल्या बाजूने एचएमव्हीची तबकडी एवढी वर्षं धूळ खात पडली होती आणि ती उचलायला डच माणूस यावा लागला.

सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग मग युरोपात गेले आणि ज्यांचे आईबाप 1982 मध्ये शाळेत असतील अशा पोरांपुढे त्यांनी हे राग वाजवले. जुलै 2015 मध्ये ते मुंबईत वारले. जनक कोण हा वाद चालूच आहे. पण दुसरा एक वाद, जो आपण घालायला हवा होता, तो अजून कुणी नीट घातलेला नाही: यात राग किती? तोडी ऐकताना माझे कान टवकारले आणि लगेच पडले. तोडीचा गंधार नेहमीच्या कोमलापेक्षाही खाली लोंबतो, आणि ज्युपिटरच्या पट्ट्यांना दोन पट्ट्यांमधली ती जागा ठाऊक नाही. तो तोडीचा सांगाडा आहे. ललितमध्ये दोन मध्यम शेजारी शेजारी येतात तिथे यंत्र पायरी चढल्यासारखं चढतं, कुणी गवई तिथून असा जाणार नाही. यमन बरा, पण हार्मोनियमवर संध्याकाळी कुणीतरी काढतो तेवढाच. कलावतीशी मात्र मी अडलो. त्यात पंचमाशी घुटमळून धैवत-निषादाकडे जाणारी एक वाट आहे, 303 खालून घसरत येते, आणि दोन-तीन सेकंद ते घसरणं मींड वाटतं.